दहा आकड्यांची तबकडी

पेर्नो मागच्या दाराने दुकानात आला आणि घड्याळ माझ्या पुढ्यात ठेवलं.

"महाशय जोनास, याची तबकडी बदल. बारा आकड्यांची बसव."

"महाशय? गेल्या वर्षी मी चुकून तसं म्हटलं तर डोळे वटारले होतेस. 'नागरिक म्हण' म्हणालास."

"थट्टा पुरे. माझ्या मागे माणसं आहेत."

दिवसाचे दहा तास करण्याचा कायदा आला, तेव्हा आमच्या बझांसों गावात पेर्नो क्रांतीच्या समितीवर होता. हौसेने त्याने हे घड्याळ करून घेतलं. आता समितीची सत्ता गेली, तो कायदा गुंडाळला आणि समितीवाल्यांना लोक शोधून मारायला लागले. ल्यॉं शहरात तर तुरुंगात शिरून मारले.

मी झाकण उघडलं. आत इझाबोची तबकडी. इझाबो माझी बायको, तबकड्यांवर मिनाकारी करायची; आजारी पडण्याआधी तिने केलेली ही शेवटची. बाकीच्या विकून परगावी गेल्या.

"बदलतो. चाकंही बदलावी लागतील. पण जुनी तबकडी मला दे."

"तिच्यावर माझं नाव आहे. फोडून टाक."

"नाव घासून काढतो."

तो स्टुलावर बसला. मी दगड पाण्यात बुडवून हळूहळू घासायला लागलो. नाव गेलं. तबकडी पुसून त्याच्या हातात दिली.

त्याने ती उजेडात धरली. "सात बघ. शेपटी डावीकडे वळवलेली. असा सात गावात दुसरं कोण काढायचं? आणि इझाबोने माझ्यासाठी तबकडी केली, हे चौकात मीच मिरवून सांगितलंय."

"पेटीत तळाला ठेवीन."

"झडती घेणारे पेटीच्या तळाशीच जातात रे. मीच घ्यायचो." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "घरात पोरी आहेत, जोनास."

इझाबो शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा मी समितीच्या भीतीने लपून बसलेल्या पाद्र्याला घरी आणलं होतं. ते समितीच्या कानावर गेलं असतं, तर मी संपलो असतो. पेर्नोने पाद्र्याला जिन्यात पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याने आता त्या गोष्टीची आठवण काढली नाही. काढली असती तर मला रागावता आलं असतं.

मी तबकडी ऐरणीवर पालथी घातली आणि हातोडी मारली. पांढरा मिना टिचला. सुलटी करून पुन्हा मारली. सात कुठे गेला, दिसला नाही.

पेर्नो गुडघ्यांवर बसून तुकडे रुमालात गोळा करू लागला. "पुलावरून नदीत टाकतो," म्हणाला. मीही खाली वाकून वेचू लागलो.

तो गेल्यावर ऐरणीवर मिन्याखालचा तांब्याचा पत्रा उरला होता. तो मी उचलून बराच वेळ बघितला. पण पत्रा कापायचं काम माझं असायचं. त्यात तिचं काहीच नव्हतं.