टायरमधले मणी

सोराइदा काउआनाचा ट्रक थरथरायचा. तसे त्या रस्त्यावरचे सगळेच ट्रक थरथरायचे, पण बाकीच्यांनी ते नशिबावर सोडून दिलं होतं आणि सोराइदाला ते पटत नव्हतं. नास्काहून दक्षिणेला समुद्राच्या कडेने जाणारा महामार्ग चांगला गुळगुळीत. पण द्राक्षमळ्यांकडे आणि कोळ्यांच्या गावांकडे फुटणारे फाटे म्हणजे नुसते दगडगोटे. चाकाचा तोल साधायला रिमला ठोकलेली शिशाची वजनं तिथे उडून जायची. मग महामार्गावर वेग घेतला की स्टिअरिंग असं कापायचं, की संध्याकाळी जेवताना तिच्या हातातलं सूप सांडायचं.

एकदा खानावळीत चिलीतल्या एका ड्रायव्हरने सांगितलं, "वजनं बाहेरून ठोकताच कशाला? टायरच्या आत काहीतरी बारीक, सुटं टाका. चाक फिरलं की ते आपली जागा आपण शोधतं."

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्याने हसला अबिलिओ, सोराइदाचा धाकटा दीर. तोही ट्रकच चालवायचा.

"वहिनी, मनावर घेऊ नकोस हं. सुटा माल जड बाजूलाच जाणार, दारुडे गुत्त्याकडे जातात तसा. चाक आणखी वाकडं चालेल."

"जाईल तिकडे जाऊ दे. घालून तर बघू," सोराइदा म्हणाली.

पंक्चरवाला एलेउतेरिओ म्हातारा होता, सगळा रस्ता त्याला मामा म्हणायचा. कुरकुरत का होईना, त्याने टायर उघडले. सोराइदाने किनाऱ्यावरची वाळू चाळून आणली होती. पहिल्या दिवशी ट्रक बरा चालला. मग समुद्रावरून धुकं आलं, ती दमट हवा टायरमध्ये भरल्यावर वाळूने ओल धरली, आणि ट्रक घोड्यासारखा उधळायला लागला. मामाने टायर उघडला तर आत एकाच जागी वाळूचा गोळा घट्ट चिकटून बसलेला!

त्या दिवसापासून अबिलिओने तिचं नाव 'खुळखुळेवाली' ठेवलं. ती खानावळीत शिरली की ड्रायव्हर मंडळी डब्यात चमचे घालून वाजवायची. सोराइदा हसण्यावारी न्यायची, पण जेवण अर्धं टाकून उठायची.

मात्र एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. वाळू बिघडली ती गोळा झाल्यावर. सुटी होती तोवर ट्रक शहाण्यासारखा चालला होता. मग ओल न धरणारं काय मिळेल? उत्तर तिला रस्त्यातच भेटलं. महामार्गावर पांढरे पट्टे रंगवणारी माणसं ओल्या रंगावर काचेचे बारीक मणी भुरभुरत होती, दिव्याच्या उजेडात पट्टा चमकावा म्हणून. तिने ट्रक बाजूला घेतला, आपल्या डब्यातली तळलेली मासळी त्यांच्यापुढे ठेवली आणि बदल्यात मण्यांचा एक डबा मागून घेतला.

मणी घातलेला रिकामा ट्रक तिने पळवून पाहिला. स्टिअरिंग शांत होतं. पण ते पाहायला शेजारी कोणी नव्हतं.

"रिकामा ना? रिकामं गाढवही पळतं," अबिलिओ म्हणाला.

त्याच सुमारास वाळवंटी वादळाने सान तेल्मो या कोळ्यांच्या गावातल्या शाळेच्या काचा फोडल्या. मुलं खिडक्यांना गोधड्या ठोकून अंधारात बसायची. शहरातून दोनदा काचा मागवल्या. दोन्ही खेपांना निम्म्याहून जास्त तडकून आल्या. दुसरी खेप अबिलिओची होती. मुख्याध्यापिका एर्मेलिंदाबाई हताश होऊन खानावळीत बसल्या होत्या, तेव्हा सोराइदा उठून म्हणाली, "बाई, या खेपेला मी आणते."

चमचे वाजले. अबिलिओ म्हणाला, "मी शेजारी बसून येतो. माझ्या काचा फुटल्या तेव्हा तू हसली होतीस."

"हसले नव्हते, भावजी. मनातल्या मनात हसले होते."

सकाळी इका शहरात काचा भरून दोघं निघाले. काचा लाकडी चौकटींत, पेंढा घालून उभ्या केलेल्या. शहरातून हळू जाताना ट्रक नेहमीपेक्षा जास्तच डुगडुगत होता. चाकाला पुरेसा वेग नव्हता, त्यामुळे आतले मणी वर चढायचे आणि कोसळायचे. हौद्यातून किणकिण ऐकू यायला लागली.

"ऐक, तुझ्या काचा रडताहेत," अबिलिओ म्हणाला. "थांबव. अजून वेळ गेलेली नाही."

महामार्ग लागला. सोराइदाने वेग वाढवला. थरथर वाढली, किणकिणही वाढली.

"अगं वहिनी, हळू! फुटतील सगळ्या!"

तिचाही पाय क्षणभर अडखळला. शाळेच्या खिडक्या मागे उभ्या होत्या, आणि वेग कमी करणं किती सोपं होतं! पण मणी बसायचे तर वेगातच बसणार होते. तिने दात आवळले आणि पाय खाली दाबला.

हातांतली थरथर आधी बोटांतून गेली, मग मनगटांतून. किणकिण विरत गेली आणि एकदम थांबली. केबिनमध्ये फक्त इंजिनचा आवाज उरला. डावीकडे वाळू, उजवीकडे समुद्र, आणि ट्रक मधून नावेसारखा सरकत होता. सोराइदाला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. तिने शेजारी पाहिलं तर अबिलिओ खिडकीला डोकं टेकून चक्क घोरत होता!

सान तेल्मोचा दगडी फाटा तिने बैलगाडीच्या चालीने पार केला. अख्खा गाव शाळेपुढे जमला होता. एर्मेलिंदाबाई उतरवलेल्या प्रत्येक काचेवर बोटाने टकटक करत होत्या. पहिली शाबूत. दुसरी शाबूत. पुढेपुढे टकटक झाली की लोकच आरडाओरडा करून दाद द्यायला लागले. शेवटची काच भिंतीला टेकली तेव्हा बाईंनी पेंढ्याने भरलेल्या हातांनी सोराइदाला मिठीच मारली. एकही तडकली नव्हती! कोळ्यांनी लगेच हातोड्या काढल्या, गोधड्या ओरबाडल्या, आणि दुपारपर्यंत शाळेत समुद्राचा उजेड भरला. पोरं काचेला नाकं चिकटवून आतून वेडावून दाखवत होती.

"ही जादू केली कशी?" एका कोळ्याने विचारलं.

"सोपं आहे," अबिलिओ छाती काढून म्हणाला. "आम्ही टायरमध्ये मणी घातलेत."

"आम्ही?" सोराइदा म्हणाली. गाव हसला आणि अबिलिओ कानापर्यंत लाल झाला.

परतताना त्याने खालच्या आवाजात विचारलं, "पण वहिनी, ते हलक्या बाजूला जातात तरी कसे?"

"मामा म्हणतो, जड बाजू चाकाला हिसका देते तेव्हा सुटे मणी मागे पडतात, समोरच्या बाजूला. खरं-खोटं मामाला ठाऊक."

थोडं पुढे जाऊन तिने ट्रक थांबवला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. अबिलिओने महामार्गावर वेग घेतला, आधी दोन्ही हात घट्ट, मग एक हात, मग नुसती दोन बोटं.

"वहिनी, लोणी गं, नुसतं लोणी! उद्या माझे टायर उघडायला सांग मामाला."

"उद्या नाही. आता सगळा रस्ता मामाकडे येईल, ओळीने उभे राहा," सोराइदा म्हणाली. तिने पाय समोरच्या फळीवर टाकले आणि डोळे मिटून घेतले.