रंगारी उठून चालू लागतो

मावशीने त्या रंगाऱ्याला पुन्हा एकदा गच्चीवरून खाली टाकलं. पडद्यावर तो गरगरत गेला, फुटपाथवर आपटला, क्षणभर पालथा पडून राहिला आणि उठला. कपडे झटकले, वर बघून हात हलवला आणि शीळ घालत इमारतीला दोराने टांगलेल्या आपल्या झुल्याकडे निघाला.

"मावशी, त्या बिचाऱ्याने तुमचं काय घोडं मारलंय?" शेजारच्या टेबलावर मासिकाची पानं लावणारी मुलगी हसत म्हणाली. "सकाळपासून त्यालाच टाकताय."

"मी कुठे टाकतेय? आठ वर्षांचं कार्टं टाकतंय."

हीच तिची कामाची पद्धत होती. पालकांसाठी निघणाऱ्या त्या मासिकात ती व्हिडिओ गेमवर सल्ला लिहायची. मारामारी किती, शिव्या आहेत का, पैसे कुठे मागतात, कोणत्या वयाला द्यावा. बाकीचे जिंकायला खेळतात. मावशी वाह्यात पोर होऊन खेळायची. सांगितलेली कामगिरी सोडून द्यायची, नको तिथे चढायचं, नको त्याला ढकलायचं आणि खेळ आपल्याला कुठे अडवतो ते बघायचं. अडवलं नाही तर ते लिहायचं. सदराचं नाव 'खेळमावशी', म्हणून ऑफिसात लहानथोर सगळ्यांची ती मावशीच होऊन बसली होती.

हा नवा खेळ गगनवीराचा. अख्खं शहर मोकळं. गगनवीराने कुठेही उडावं, कुठल्याही भिंतीवर चढावं, कुणालाही उचलावं. आमच्या शहरात कोणी मरत नाही, असं कंपनी छाती फुगवून सांगत होती. रक्ताचा थेंब नाही, म्हणून लहानथोर सगळ्यांना चालेल असा शिक्काही मिळाला होता. मरत नाही हे खरंच होतं. मावशीने त्या रंगाऱ्याला पाचव्या मजल्यावरून टाकून पाहिलं, विसाव्यावरून टाकून पाहिलं. पठ्ठ्या उठायचा आणि हात हलवायचा. वरून टाकणाऱ्याला खालून हात हलवायचा! तिथे मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिचा नवराही रंगारी होता. मोठमोठ्या इमारतींना बाहेरून रंग द्यायचा. झुल्याचा दोर सुटला तेव्हा तो तिसऱ्याच मजल्यावर होता. तोही उठला, पण दीड वर्षाने आणि कुबड्या घेऊन. ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी त्याच झुल्यावर दुसरा माणूस चढवला. आता नवरा दिवसभर खिडकीपाशी बसतो आणि समोरच्या इमारतीवर कुठे रंग नीट बसलेला नाही, ते बायको घरी आली की तिला दाखवतो.

सल्ला लिहून झाला. शेवटी तिने लिहिलं होतं, 'या खेळात उंचावरून पडलेला माणूस उठून चालू लागतो. खरा माणूस असा उठत नाही. खेळ हातात देण्याआधी मुलाला शेजारी बसवून एवढं सांगा.'

संपादक तिच्या भाच्याच्या वयाचा, बोलायला गोड. त्याने तिला आत बोलावलं.

"मावशी, फर्स्ट क्लास झालंय. फक्त शेवट तेवढा काढलाय."

"का?"

"जरा जड होतो हो. सुट्टीचा अंक आहे, लोक मजेत वाचणार."

"मागच्या पानावर याच खेळाची जाहिरात आहे, म्हणून जड होतो का?"

संपादकाने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "तसं काही नाही. राग मानू नका मावशी, पण हे तुमच्या घरचं दुःख आहे. ते सल्ल्यात कशाला?"

"घरचं दुःख?" मावशीचा आवाज चढला. "मग ती गच्ची माझ्या घरची आहे का? ज्यांची पोरं खेळणार त्यांच्या घराला गच्ची नाही? खेळात एक शिवी आली तर तुम्ही मला ठळक टाइपात छापायला लावता. शिवी चालत नाही आणि माणूस वरून फेकलेला चालतो? का, तर तो बिचारा तक्रार करत नाही म्हणून?"

"मावशी, पान छपाईला गेलंय."

"मग माझं नाव काढा त्याच्यावरून."

"तुमचं नाव नाहीच ना त्यावर," संपादक अगदी हळू, समजुतीने म्हणाला. "'खेळमावशी' आहे. ते नाव मासिकाचं आहे."

राजीनामा त्याच्या तोंडावर फेकावा असं तिला वाटलं. पण घरी दोघांचं तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. ती मूग गिळून बाहेर आली. इतकी लाज तिला नवऱ्याच्या औषधांसाठी शेजाऱ्यांपुढे हात पसरतानाही वाटली नव्हती.

अंक निघाल्यावर थोड्याच दिवसांनी टेबलावरचा फोन वाजला. सल्ला विचारायला पालक करायचे तसा एका बाईचा फोन होता.

"खेळमावशी ना? तुम्ही चांगलं लिहिलं म्हणून मुलाला तो गगनवीर घेतला. पण काल त्याने कपाटावर चढून उडी मारली हो. पलंगावर पडला, म्हणून निभावलं. वर मलाच म्हणतो, आई, बघ, मला काही होत नाही. आता बाल्कनीत जायचं म्हणतोय. लहान आहे, विसरेल ना?"

संपादक पानं बघायला शेजारच्या टेबलाशीच उभा होता. मावशीने त्याच्याकडे बघत, साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाई, बाल्कनीचं दार आधी लावून घ्या. मग त्याला शेजारी बसवा आणि सांगा, खेळातला माणूस उठतो, खरा उठत नाही. माझा नवरा तिसऱ्या मजल्यावरून पडला, तो अजून धड चालत नाही. माझं नाव घेऊन सांगा. आणि हे मासिकात का नाही छापलं म्हणाल, तर संपादक इथेच उभे आहेत. देऊ का त्यांच्याकडे?"

संपादक पानं तिथेच टाकून केबिनमध्ये शिरला. पानं लावणारी मुलगी हसली नाही.

संध्याकाळच्या आत एक शिपाई आला आणि मावशीच्या टेबलावरचा फोन वायरीसकट उचलून घेऊन गेला. पालकांच्या फोनना यापुढे जाहिरात विभाग उत्तर देणार होता.

त्या दिवशी तिने खेळ पिशवीत घातला आणि घरी नेला. आजवर नवऱ्यापासून तो लपवला होता, पण आता राग पोटात मावत नव्हता.

"बघा अहो, बघा तरी काय विकतात पोरांना!" तिने टीव्हीला सगळं जोडून दिलं, कंट्रोलर त्याच्या हातात कोंबला आणि धुसफुसत स्वयंपाकघरात गेली. भांडी आदळली, नळ जोरात सोडला. भाजी चिरता चिरता त्या संपादकाच्या नावाने बोटं मोडली.

बाहेर आली तेव्हा नवऱ्याने रंगारी शोधून काढला होता. मावशी दारातच थबकली. पण गगनवीर गच्चीवर नव्हता. नवऱ्याने त्याला झुल्याच्या बरोबर खाली, फुटपाथवर आणून उभा केला होता.

"एकाच दोरावर आहे गं हा," तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "कमरेला काहीच बांधलेलं नाही."

पडद्यावर अक्षरं लुकलुकत होती : गगनवीरा, शहर तुझी वाट पाहत आहे! कुठेतरी दरोडा पडला होता, कुठेतरी पूल कोसळत होता. नवऱ्याने बटणाला बोट लावलं नाही.

"अहो, पुढे जा ना. असं नुसतं उभं राहायचं नसतं."

"थांब गं. त्याची एवढी भिंत होऊ दे. उतरला की जाऊ."

वरचा रंगारी ब्रश खालीवर करत होता. ती भिंत कधीच पुरी होत नाही, तो तेवढाच पट्टा पुन्हा पुन्हा रंगवतो, हे मावशीला खेळून खेळून माहीत होतं. तिने ते सांगितलं नाही. गॅस बारीक करून आली आणि खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसली.