दारातला बांध

"उणिवेचा रकाना कोरा सोडलायस," म्हणत ब्रेंटने कागद परत सरकवला.

"सुचली नाही. तू सुचव," डार्लीन म्हणाली.

यार्डच्या ऑफिसात हीटर घरघरत होता. बाहेर बर्फ ढकलायचे ट्रक रांगेने उभे होते. ब्रेंट सोर्व्हाला आता फोरमन असला, तरी काम शिकला होता तो डार्लीन कांगासच्याच ट्रकात, तिच्या शेजारी बसून. ट्रकपुढचं बर्फ लोटायचं पातं उचलायला तो नेहमी एक क्षण उशीर करायचा आणि ती विचारायची, "साहेब, झोप झाली?" आता तो खरोखरीचा साहेब झाला होता आणि त्याला झोप लागत नव्हती.

काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, यंदा नवं खूळ काढलं होतं. प्रत्येकाने आपल्या कामाकडे नीट निरखून पाहायचं. माझं काम काय, मी कुठे कमी पडतो, स्वतःला कसा घडवणार, हे लिहून सही करायची. असलं ठरवणारी माणसं उबदार खोलीत बसतात. त्यांच्या दारातला बर्फ दुसरंच कुणीतरी उपसत असतं.

ब्रेंटने उणीव सुचवली. इंपी सारी या म्हातारीच्या घरापुढे डार्लीन पातं उचलते, त्यामुळे रस्त्यात बर्फाचा उंचवटा राहतो. मागच्या हिवाळ्यात काउंटी मंडळाच्या एका सभासदाची गाडी त्यावर आदळली होती. तेवढं कबूल कर, पुन्हा करणार नाही म्हण, विषय संपेल. नाहीतर मला तुला ट्रकवरून उतरवून रस्त्यांवर टाकायच्या मिठाच्या शेडवर घालावं लागेल.

"दोन ओळींचं तर काम आहे, डार्लीन."

"नाक घासायला एक पुरते."

इंपी ऐंशी ओलांडलेली, घरात एकटी. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यायला गाडी येते. बर्फाचा ट्रक रस्ता साफ करतो म्हणजे सगळा बर्फ उजव्या कडेला लोटतो आणि घराघराच्या दारात कमरेइतका बांध घालून पुढे जातो. तासाभरात त्याचा दगड होतो. डायलिसिसची गाडी बांधापाशी थांबणार आणि इंपी खिडकीतून तिच्याकडे बघत बसणार. म्हणून डार्लीन त्या एका दारापुढे पातं उचलायची. यात लपवण्यासारखं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

कागद तिने घरी नेला. मांस-बटाट्याची पेस्टी ओव्हनमध्ये टाकली आणि फाडून टाकायच्या आधी एकदा बघू म्हणून पेन घेतलं. 'माझं काम' याखाली लिहिलं : रस्ता साफ करणे. वाचलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. हे अर्धं खोटं होतं. रस्ता साफ होतो तो दारं बुजवून.

इंपीच्या शेजारचा ऑरिन पेल्टियर तिला आठवला. छातीचं ऑपरेशन झालेला माणूस, मागच्या जानेवारीत फावडं घेऊन दारात उभा होता. इंपीच्या मोकळ्या दाराकडे बोट दाखवून काहीतरी ओरडत होता. डार्लीनने हॉर्न मारला होता, आणि त्याच्या फावड्यापुढे आणखी बर्फ ओतून निघून गेली होती. यार्डात येऊन तिने त्याची नक्कलही केली होती. सगळे पोट धरून हसले होते.

पेस्टी करपली. पण उणीव सापडली होती.

सकाळी ब्रेंटने कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला. "बावीस हिवाळे मी रस्ते उघडले आणि दारं बंद केली. पातं उचललं ते एकाच घरापुढे, ही माझी उणीव. यंदा माझ्या रस्त्यावर ज्यांच्या अंगात फावडं मारायचं बळ नाही, त्या प्रत्येक दारापुढे उचलेन." त्याने चष्मा काढला. "हे मी वर पाठवू?"

"माझं काम निरखून पाहायला सांगितलंत. पाहिलं."

"ट्रक जाईल तुझा."

"किल्ली घे. ओळ बदलणार नाही."

तिने किल्ली टेबलावर ठेवली. रिकामा हात खिशात घातला. बाहेर कुणीतरी म्हणालं, आता सेंट डार्लीनच्या नावाने चर्च बांधा. तिने त्याला त्याच्या आईवरून उत्तर दिलं.

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी गावाजवळच्या मोठ्या तळ्यावरून बर्फाचं वादळ आलं. दोन ड्रायव्हर आजारी होते, म्हणून तिच्या ट्रकवर ब्रेंट स्वतः बसला. डार्लीन आता मिठाच्या शेडवर होती. मीठ भरायला तो शेडखाली आला तेव्हा त्याने काच खाली केली नाही. तिनेही मीठ उचलायच्या लोडरवरून मान वळवली नाही. मागचा हौदा भरला आणि हात हलवून ट्रक पुढे काढायची खूण केली. तिच्याच ट्रकला.

दुपारी पाळी सुटल्यावर तिने गाडी इंपीच्या गल्लीत घातली.

इंपीचं दार मोकळं होतं. अगदी साफ नव्हे, अलीकडचा कोपरा बुजलेला होता आणि तिथून पुढे रस्त्यात उंचवटा. पातं एक क्षण उशिरा उचललेलं. डार्लीन गाडीतच बसून त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "झोप झाली, साहेब?"

शेजारी ऑरिनच्या दारात मात्र बांध उभा होता, कमरेइतका.

तिने डिकीतून फावडं काढलं. पहिला घाव बसला तसा ऑरिन पायजम्यावर कोट चढवून पायरीवर आला.

"हॉर्न मारणारी तूच ना?"

"मीच. आत जा, गारठा आहे."

तो आत गेला नाही. तिथेच कठड्याला धरून उभा राहिला. तिने टोपी कानांवर ओढली आणि इंपीच्या बाजूने बांध फोडायला घेतला.