ठोकळ्याला बांधलेली चावी

साहेब, तुम्ही चोर आहात. चाळीस बायकांच्या घशातलं पाणी तुम्ही चोरलंत. तुमचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. पण मला वीतभर लांब, लालभडक लाकडी ठोकळ्याला बांधा, हा हुकूम वरून आला होता आणि वर तुम्हीच बसता. चावी हरवू नये म्हणून म्हणे! खरं कारण मला ठाऊक आहे. कोण उठली, कोण चालली, हे साऱ्या दालनाला दिसावं म्हणून.

मित्रांनो, मी एक जुनी पितळी चावी आहे. शर्ट शिवायच्या कारखान्यात राहते. कानशीनं माझे दात घासणाऱ्या कारागिराचा हात हलका होता, म्हणून मी कुलपात कधी अडकले नाही. पहिली काही वर्षं मी आणि माझं कुलूप धाग्यांच्या कपाटावर होतो. रिळं काढणारी प्रत्येक बाई म्हणायची, "चावी असावी तर अशी, लोण्यात सुरी." मला मोठा अभिमान वाटायचा.

मग एक दिवस भिंतीवर कागद लागला. ‘कामाच्या वेळेत एका वेळी एकच बाई. चावी मास्तरांकडून मागून घ्यावी.’ खाली सही नाही. कपाटावरचं कुलूप काढून संडासाच्या दाराला लावलं आणि मी दालनावर नजर ठेवणाऱ्या मास्तरांच्या टेबलामागे खिळ्यावर गेले. तेव्हापासून मला चैन नाही. पंख्याच्या वाऱ्यानं ठोकळा भिंतीवर आपटत राहायचा, टक टक, टक टक, आणि मशीनवर बसलेल्या बायकांचे डोळे दर आवाजाला माझ्याकडे वळायचे.

सगळ्यांत जास्त वळायचे कॉलरकाकूंचे. वय एक्कावन्न. बावीस वर्षं त्या फक्त कॉलर शिवत होत्या आणि त्यांची कॉलर दुसरीला जमत नसे. त्यांची पाळी थांबून दोन वर्षं झाली होती. मोठी माणसं म्हणतील, असलं मुलांपुढे बोलू नये. मी बोलणार. न बोलण्यानंच तर सगळा घोळ झाला.

आधी काकू दिवसातून दोनदा मला न्यायच्या. मग चारदा, मग सहादा. कळ यायची ती थेट दाराशी नेणारी, दम धरू न देणारी. शिंक आली की पाय आवळायच्या. लघवीला जळजळ व्हायची. आणि मागायला जावं तर मास्तर.

"मास्तर, चावी."

"परत? आत्ता तर जाऊन आलात."

"आत्ता नाही, सकाळी."

"काकू, घरचं मडकं फुटलंय का काय?"

दालन हसायचं. काकूही हसायच्या, पण त्यांची मूठ माझ्यावर इतकी घट्ट असायची की माझे दात त्यांच्या तळव्यात रुतायचे. एकदा बटणं लावणारी पोरगी तिच्या जागेवरून ओरडली, "मास्तर, तुमच्या घरीही आई असेल की! तिला विचारा, मडकं कसंय ते!" त्या दिवशी मास्तरांनी वहीत डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी वरून निरोप आला. कॉलरवाली फार वेळा उठते. असंच चाललं तर तिला मशीनवरून काढून धागे कापायला बसवा.

धागे कापणं म्हणजे जमिनीवर बसून शिवलेल्या शर्टांची शेपटं छाटणं. नवशिक्यांचं काम. बावीस वर्षांची कारागिरी एका ओळीत मातीमोल.

काकूंनी उपाय काढला, आणि तोच नडला. त्यांनी पाणी सोडलं. सकाळी घरून निघताना एक घोट, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. आणि आधाराला घेतल्या कॉलरच्या आत घालायच्या कापडाच्या चिंध्या. हाताशी ढीग होता, फुकट होता, घड्या छान पडत. ते कापड खळ लावून कडक केलेलं असतं. दिवसभर ते काचत राहिलं. जळजळ वाढली. पाण्यावाचून लघवी गडद, थोडी, आगीसारखी. पंधरा दिवसांत ताप चढला.

त्या दुपारी काकू मला घेऊन गेल्या, आल्या, आणि अंगात हुडहुडी भरलेली म्हणून तशाच सुट्टी मागून बाहेर पडल्या. मी ठोकळ्यासकट त्यांच्या कामाच्या झग्याच्या मोठ्या खिशात राहिले. ना त्यांना भान, ना मास्तरांना. म्हणून मी दवाखाना पाहिला.

डॉक्टरीणबाई जाड चष्म्याच्या, घाईच्या. "किती दिवस त्रास?"

"दीड वर्ष."

"आणि उगवलात आज?"

"वयाचं आहे म्हटलं. सगळ्यांनाच होतं."

"दात दुखला असता तर दीड वर्ष गाल धरून बसला असता का?" मग त्यांनी पडद्याआड तपासलं. "हे काय लावलंय?"

काकू पुटपुटल्या, "कॉलरचं अस्तर."

"म्हणजे कॉलर ताठ उभी राहावी म्हणून जे घालतात, ते?"

"तेच."

मग दोघी अशा हसल्या की खिशात माझा ठोकळा उडायला लागला. हसता हसता काकू रडल्या. म्हणाल्या, "नवरा जवळ आला तरी दुखतं हो. तो म्हणतो, तुझं मन उडालं."

"मन जागेवर आहे. पाळी थांबली की आतली कातडी पातळ आणि कोरडी होते, खालचे स्नायूही सैल पडतात. यावर औषध आहे. आधी जंतू घालवू, मग आतून लावायचं मलम. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते पाच आकडे मोजेपर्यंत आवळायचे, पूर्ण सोडायचे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मशीनवर बसून करा, कोणाच्या बापाला कळत नाही. गुण यायला काही महिने लागतील. पण पाणी प्यायचं आणि गरज लागली की जायचं. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर त्याच दिवशी या."

"जायचं म्हणजे... चावी मागावी लागते." काकूंनी मला बाहेर काढलं. ठोकळा बघून डॉक्टरीणबाईंचा चष्मा नाकावर घसरला.

इकडे कारखान्यात चावी नाही म्हणून मेकॅनिकनं कुलूप हातोडीनं फोडलं. माझा जन्माचा जोडीदार होता तो. मला आजही त्याची आठवण येते. पण खोटं कशाला बोलू? तीन दिवस ते दार उघडं राहिलं आणि बायका हव्या तेव्हा गेल्या.

चौथ्या दिवशी काकू परतल्या. मला मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. बाटली उघडून सगळ्यांसमोर घटाघटा पाणी प्यायल्या. मग विचारलं, "तीन दिवस दार उघडं होतं. किती शर्ट कमी पडले?"

मास्तरांनी वही पाहिली. कान लाल झाले. "तुमच्या कॉलरी सोडल्या तर एकही नाही."

"मग ते काय?"

मास्तरांच्या हातात नवीन कुलपाचा डबा होता, आणि एक चिठ्ठी. "तुम्हाला धाग्यांवर बसवायचंय, काकू. माझ्या हातात काही नाही. वरून आलंय."

"वर कोण?" बटणवालीनं विचारलं. मास्तरांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली; सही नव्हतीच.

"मग वर कळवा," काकू म्हणाल्या, "मी माझ्या मशीनवर बसतेय. कारण लिहून, सही करून पाठवा, मग उठवा." आणि त्या बसल्या. मशीन सुरू झालं. मास्तरांनी डबा उघडला नाही. पण टाकूनही दिला नाही.

मित्रांनो, घरी आई, मावशी, आत्या हसताना पाय आवळते का, प्रवासाच्या आधी पाणी टाळते का, बघा. थट्टा करू नका. दवाखान्यात सोबत जा. चावी कितीही चांगली असली, तरी काही दारांना ती लागूच नये, हे मी चावी असून सांगते.

आणि साहेब, तुम्ही. काकूंचा निरोप वर जाऊन नऊ दिवस झाले. काकू दर सकाळी मशीनवर बसतात आणि दर सकाळी जिन्यावर पाऊल वाजलं की त्यांची सुई थबकते. या बाईनं कोणता गुन्हा केला? सहीनिशी सांगा. आज सांगा.