गुडघ्यांचं अल्कोहोल

निघायच्या आदल्या दिवशी मी गाडी आतून-बाहेरून धुतली. सीट व्हिनेगरच्या पाण्याने पुसल्या, पायाखालच्या चटया टाकूनच दिल्या. मी गांजा तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. राज्याचा परवाना असलेली लॅब आहे. दुकानात जाणाऱ्या मालात कीटकनाशक किती, बुरशी किती, कामाचं द्रव्य किती, हे आम्ही मोजतो. संध्याकाळी माझ्या केसांना त्याचा वास असतो म्हणतात. मला तो येत नाही. कुत्र्याला येईल.

कुत्रा आमच्या लास क्रूसेसच्या उत्तरेला, हमरस्त्यावरच्या चौकीत असतो. अल्बुकर्कीला जायचं तर त्या चौकीतून जावंच लागतं. रस्त्याची दोन्ही टोकं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातच, आणि राज्याने गांजाला औषध म्हणून परवानगी देऊन बरीच वर्षं झाली. पण चौकी केंद्राच्या सीमा-पोलिसांची, आणि केंद्राच्या कायद्यात गांजा अजून गुन्हाच. तिच्या छपराखालून गाडी जाते तेवढ्या जागेत राज्याचा परवाना दाखवून उपयोग नसतो.

माझी भाची लुसेरो सहा वर्षांची आहे. तिला फिट येतात. बाकीची औषधं देऊन झाली, शेवटी गांजाच्या तेलाने फरक पडला. दिवसातून तीन वेळा जिभेखाली थेंब. आता अल्बुकर्कीच्या मोठ्या हॉस्पिटलात तिच्या डोक्याला तारा लावून काही दिवस ठेवणार होते, फिट मेंदूत नेमकी कुठून सुरू होते ते बघायला. माझा भाऊ लिआंद्रो तेलविहिरींवरच्या कामावरून परस्पर तिथे येणार होता. लुसेरोला घेऊन निघणार होतो आम्ही तिघी: मी, आई आणि वहिनी.

भीती होती ती वहिनीसाठी. अरासेली मेक्सिकोतल्या चिवावाची, सीमेपलीकडची. तिच्याकडे ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व अजून नाही. आमच्या वकिलीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "तुझ्याकडे काही सापडायलाच हवं असं नाही. केंद्राच्या माणसासमोर 'हो, मी गांजा हाताळते' एवढं तोंडातून गेलं तरी नागरिकत्व अडेल. पुढे देशाबाहेर काढायचा मुद्दाही होऊ शकतो. मुलीचं औषध होतं, हे कुणी ऐकून घेणार नाही."

म्हणून लुसेरोच्या तेलाचा राज्याचा परवाना माझ्या नावावर होता. म्हणूनच तेल आम्ही घरी ठेवून निघणार होतो. सकाळचे थेंब घरी द्यायचे, दुपारचे अल्बुकर्कीच्या दुकानातून तेच तेल घेऊन द्यायचे. मधल्या वेळात रक्तात किती उरेल याचा हिशोब मी मांडला होता. पुरेल असं दिसत होतं.

सकाळी सगळ्यांना धुतलेले कपडे घालायला लावले. लुसेरोचे हात साबणाने धुतले, तोंड पुसलं. थेंब मोजायची नळीसुद्धा घरीच ठेवली. मग दारात उभी राहून विचारलं, "कुणाकडे काही नाही ना? आई?"

"माझ्याकडे काय असणार?" आई म्हणाली. "जपमाळ आहे. ती पण काढून ठेवू?"

"गांजाचं काही नाही ना, एवढंच विचारतेय."

"शी. मी काय त्यातली वाटले तुला?"

मग तिने दारातच आम्हा सगळ्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. प्रवासाला निघताना ती काढतेच. अरासेलीच्या कपाळावर काढताना म्हणाली, "बरीटो बांधलेस ना? की नेहमीसारखी मिरची विसरलीस?"

"घातलीये, सासूबाई."

"कळेलच."

आई अशीच बोलते. अरासेलीने केलेल्या बीन्स कच्च्या, तिने वाळत घातलेले कपडे चुरगळलेले, हातात जोर नाही. पण चर्चच्या बायकांसमोर अरासेलीचं तिच्याइतकं कौतुक दुसरं कुणी करत नाही. मी ऐकलेलं आहे. "आमच्या अरासेलीसारखं कुणाला जमायचं नाही," असं सांगत सुटते, फक्त अरासेली जवळ नको.

चौकीच्या अलीकडे रस्ता एका अंगाला वळतो आणि वेग कमी करायच्या पाट्या लागतात. अरासेलीने कार्ड काढून मांडीवर धरलं. आरशात मला तिचे ओठ दिसत होते. ठरलेलं वाक्य ती पुन्हा पुन्हा पुटपुटत होती.

खिडकीशी आलेला अधिकारी माझ्याच वयाचा असेल. छातीवर नाव होतं, सेदिल्यो.

"सगळे नागरिक?"

"मी, आई आणि ही मुलगी. या माझ्या वहिनी, त्यांच्याकडे कार्ड आहे."

त्याने कार्ड घेतलं. पलीकडून दुसऱ्या माणसाने कुत्रा आणला. कुत्र्याने पुढचं चाक हुंगलं, तो माझ्या दारापाशी रेंगाळला आणि पुढे गेला. मी श्वास सोडला. मग तो मागच्या दाराशी, आई बसली होती त्या बाजूला गेला, आणि खाली बसला.

मला आधी वाटलं, कंटाळला. कुत्रा खाली बसला म्हणजे त्याला वास सापडला, हे मला माहीत होतं, तरी तसंच वाटलं.

"गाडी बाजूला घ्या," सेदिल्यो म्हणाला. कार्ड त्याने परत दिलं नाही.

आम्हाला छपराखाली एका बाकावर बसवलं. मी डोक्यात सगळं पुन्हा तपासत होते. चटया नाहीत, सीट पुसल्या, डिकी रिकामी. माझे केस? पण माझ्या दारापाशी कुत्रा बसला नव्हता. लुसेरोचा जुना स्वेटर? धुतलाय. काय राहिलं ते मला सापडत नव्हतं, आणि त्यानेच जास्त घाबरायला झालं. अरासेलीने लुसेरोला मांडीवर घेऊन तिचं डोकं छातीशी दाबून धरलं होतं.

"मम्मी, घट्ट नको ना," लुसेरो म्हणाली.

सेदिल्यो आईची पर्स घेऊन आला. पर्स तपासायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. आमच्याकडे आईच्या पर्समध्ये कुणी हात घालत नाही. त्याने त्यातून जपमाळ काढली, कागदात बांधलेले बरीटो काढले, आणि मग एक चपटी प्लास्टिकची बाटली काढली. आत हिरवट पाणी होतं आणि तळाशी काळपट पाला.

ती बाटली मी लहानपणापासून बघत आले आहे. न्हाणीघरात, पलंगाखाली, आईच्या उशाशी. आमच्या भागातल्या बहुतेक म्हाताऱ्यांच्या घरात ती असते. गांजाचा पाला चोळायच्या अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायचा आणि संधिवाताच्या गुडघ्यांना लावायचा. तिला कुणी गांजा म्हणत नाही. म्हणतात गुडघ्यांचं अल्कोहोल. पाल्यातून अल्कोहोलने द्रव्य काढणं, हे तर मी लॅबमध्ये रोज करते. घरात माझ्या नाकासमोर तेच चाललं होतं, आणि सकाळी दारात उभी राहून मी आईला विचारलं होतं, काही नाही ना.

ती खोटं बोलली नव्हती.

"हे काय आहे, सेन्योरा?" सेदिल्योने विचारलं.

"दिसत नाही का? गुडघ्यांचं अल्कोहोल. दे इकडे, सांडेल."

"यात गांजा आहे."

"अरे, पिते का मी ते? लावते." आईने त्याच्या छातीवरचं नाव डोळे बारीक करून वाचलं. "सेदिल्यो. सोकोरोचा का तू? तिथल्या सेदिल्योंची पिठाची गिरणी होती."

"आजोबा तिथले."

"मग तुझ्या घरात नव्हतं हे?"

त्याला जरा हसू आलं. झाकण उघडून त्याने वास घेतला. "होतं. आजी लावायची. पण आजीचं एवढं हिरवं नव्हतं. तुमचं चांगलं उतरलंय." बाटली उजेडात धरून तो म्हणाला, "कोण बनवतं?"

तो सहज विचारत होता की चौकशी करत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. चेहऱ्यावर हसू होतं. अरासेलीचं कार्ड त्याच्या दुसऱ्या हातात होतं.

हल्ली बनवायची अरासेली. तिच्या माहेरची रीत होती ती. पाला आधी सावलीत सुकवायचा, मग भिजत घालायचा. रोज संध्याकाळी आईचे गुडघे चोळायचीही तीच. चर्चच्या बायका तिच्याकडून बाटल्या भरून न्यायच्या. वकिलीणबाईंनी विचारलं असतं तर तिने सगळं सांगितलं असतं. पण गुडघ्यांच्या अल्कोहोलबद्दल त्यांनी विचारलं नव्हतं आणि आम्हालाही सुचलं नव्हतं.

आणि त्याने आईच्या समोर त्याच बाटलीचं कौतुक केलं होतं. अशा वेळी आई काय म्हणते ते मला पाठ होतं. तिने मान वर केली, तोंड उघडलं. तिला हाताने दाबावं, पाय मारावा, असं वाटलं. पण दुसरा माणूस कुत्र्यासह माझ्याकडेच बघत होता. माझ्याच्याने हलवेना.

"आमच्या अरा—" आई म्हणाली.

आणि तिची नजर त्याच्या हातातल्या कार्डावर गेली. कार्डावर अरासेलीचा फोटो होता.

"आमच्या अरासेलीला हे जमलं असतं तर आणखी काय हवं होतं," आई म्हणाली. "तिला धड बीन्स शिजवता येत नाहीत. मीच बनवते. माझे गुडघे, माझं अल्कोहोल. तिला तर वासही सहन होत नाही, नाक मुरडून दुसऱ्या खोलीत जाते. सुना अशाच असतात. तुझं लग्न झालंय का?"

"नाही अजून."

"करू नकोस."

तो हसला नाही. अरासेलीकडे वळला. "तुम्ही कधी हात लावला होता का याला?"

तिला शिकवलेलं वाक्य होतं, वकिलाशिवाय मी उत्तर देणार नाही. ते तिला आठवत होतं, ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. तिचे दोन्ही हात लुसेरोच्या पाठीवर होते. आदल्या संध्याकाळी त्याच हातांनी तिने आईचे गुडघे चोळले होते.

"तिला काय विचारतोस," आई म्हणाली. "मुलगी आजारी आहे तिची, दिसत नाही? रात्रभर रडलीये. मला घेऊन जायचं तर घे. माझा जन्म इथलाच, दोन्या आना काउंटीतला. मला कुठे पाठवशील?"

तो कार्ड आणि बाटली घेऊन आतल्या खोलीत गेला.

खिडकीच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती. तो संगणकावर काहीतरी भरत होता. त्याने कार्ड यंत्राखाली धरलं. रस्त्यावरून गाड्या थांबत होत्या, निघून जात होत्या. अरासेली त्या पाठीवरची नजर हलवत नव्हती. तिने लुसेरोच्या कानाशी काहीतरी सांगायला सुरुवात केली, आणि माझ्या लक्षात आलं, ती निरोप देत होती. "पप्पा येतील तेव्हा त्यांच्याजवळ झोपायचं. आत्याचं ऐकायचं."

"गप," आई तिला हळूच म्हणाली. "अशुभ बोलू नकोस."

लुसेरोने विचारलं, "तू कुठे चाललीस?"

अरासेलीने तिचे केस कानामागे सारले.

तो परत आला तेव्हा हातात फक्त कार्ड होतं. बाटली जप्त झाली होती. आईला त्याने सांगितलं की या वेळी एवढ्यावर सोडतोय, पुन्हा सापडलं तर नाही. कार्ड अरासेलीला दिलं. तिने ते घेतलं, पण बोटांत धरता येईना, खाली पडलं. त्यानेच वाकून उचलून दिलं.

"आत काय लिहिलंत?" मी विचारलं.

"जे सापडलं ते."

"कुणाच्या नावावर?"

"गाडीत होते त्या सगळ्यांची नावं असतात," तो म्हणाला. "जा आता."

गाडी रस्त्याला लागली. मिरचीच्या मळ्यांपाशी आलो तेव्हा आई म्हणाली, "देल्फी, मला काय माहीत, त्याला गांजा म्हणतात."

"माहीत होतं मला. मी विचारायला हवं होतं."

"तू गांजा विचारलास."

"हो."

मागून अरासेली म्हणाली, "सगळ्यांची नावं म्हणजे माझंही ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. "तुझंही," मी म्हणाले. "पण तू काही कबूल केलं नाहीस. ते महत्त्वाचं."

"उद्या नागरिकत्वाच्या मुलाखतीला बोलावतील, शपथ घ्यायला लावतील, आणि विचारतील. तेव्हा?"

आईने जपमाळ काढली, पण जप केला नाही, नुसती मुठीत धरून बसली.

अल्बुकर्कीत मी दुकानात गेले. अरासेली समोरच्या फुटपाथवरही उभी राहायला तयार नव्हती, ती पार कोपऱ्यापलीकडे जाऊन थांबली. तेल आणि नवी नळी घेऊन आम्ही हॉस्पिटलला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधीच फोनवर सांगितलं होतं की हॉस्पिटल केंद्राच्या पैशावर चालतं, आत तेल देता येणार नाही. बाहेर काय करता ते मला सांगू नका, असंही त्या म्हणाल्या होत्या. म्हणून पार्किंगच्या वरच्या मजल्यावर, भिंतीकडे तोंड करून गाडी लावली.

दुपारच्या थेंबांना उशीर झाला होता. लुसेरोच्या डाव्या पापणीची फडफड सुरू झाली होती. फिटच्या आधी असंच होतं. माझा हिशोब चुकला होता. चौकीतला वेळ आणि भीती मी त्यात धरली नव्हती.

मी नळीत तेल ओढलं. "लुसेरो, आ कर."

तिने ओठ मिटून घेतले. "मम्मी देते."

"आज आत्या देईल," अरासेली म्हणाली. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"मम्मी देते," लुसेरो पुन्हा म्हणाली, पण शब्द तोंडात घोळला. पापणी थांबेना.

आईने दार उघडलं. एका हाताने दार धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर ती कशीबशी उतरली आणि मागच्या काचेला पाठ लावून उभी राहिली. तिने शाल दोन्ही हातांनी पसरून धरली, म्हणजे बाहेरून काही दिसू नये.

"दे लवकर," ती बाहेरूनच म्हणाली. "कुणी नाहीये. मी बघतेय."

अरासेलीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग पार्किंगच्या छताकडे पाहिलं, तिथे कॅमेरा होता का ते. मग माझ्या हातातून नळी घेतली. पहिला थेंब चुकून लुसेरोच्या हनुवटीवर पडला. तिने तो बोटाने टिपला, जिभेखाली ठेवला, आणि बाकीचे मोजून दिले. नंतर ते बोट कुठे पुसावं हे तिला कळेना. ते तसंच हवेत धरून ती बसून राहिली.