हिरवं वजन, खरं वजन

मित्रांनो, मी चारा संशोधन केंद्रातली एक जुनी वाळवणभट्टी आहे. वर्षभर माझ्या दारावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी होती. तिचा डिंक अजून निघालेला नाही. ती चिठ्ठी धादांत खोटी होती!

कापलेला चारा दोन दिवस माझ्या पोटात ठेवतात. पाणी उडून जातं आणि गुरांच्या अंगी लागेल तेवढंच उरतं.

इथल्या संशोधक ताई लसूणघासाचं काटक वाण घडवत होत्या. लसूणघास म्हणजे शेंगा धरणारा चारा. हजार रोपांचं पाणी त्यांनी दोन उन्हाळे तोडलं. अकरा जगली. त्या अकरांचा संकर करण्यात, निवडण्यात नऊ वर्षं गेली. वाण निघालं बुटकं, बारीक पानांचं. पण किलोभर हिरव्या चाऱ्यामागे पाव किलो सुका चारा निघायचा. माझं दार पुसत ताई म्हणायच्या, "तू आहेस म्हणून माझ्या बुटक्यांची अब्रू आहे गं."

केंद्राच्या प्रमुख साहेबांनीही एक वाण काढलं होतं, कमरेएवढं, लुसलुशीत. पाहुणे त्याच्यापुढे फोटो काढत. माझ्यातून मात्र किलोमागे जेमतेम दीडशे ग्रॅम निघालं.

"भट्टी बिघडलीय," साहेब म्हणाले. "अहवालात हिरवं वजन लिहा."

ताई म्हणाल्या, "बाकीचं नुसतं पाणी आहे, साहेब. पाणी प्यायला गुरांना हौद आहे की!"

दुसऱ्याच दिवशी माझी वायर काढली. ताईंना ग्रंथालयात बसवलं. बुटक्या झाडांवरून नांगर फिरला, तो मी खिडकीतून पाहिला. वीज नसतानाही पोटात आग पेटते, हे मला तेव्हा कळलं.

साहेबांचं बी गोठ्यागोठ्यांत गेलं. त्या वर्षी पाऊस लांबला आणि ते उभं पीक करपलं. एक गवळीण केंद्रात येऊन कडाडली, "माझ्या गाईंच्या फासळ्या मोजा या! कुणी पास केलं हे वाण?"

साहेबांची मान खाली. "ताईंना बोलवा," एवढंच म्हणाले.

ताईंनी मूठभर बी डब्यात जपलं होतं. साहेब माफी मागू लागले, तशा त्या म्हणाल्या, "माफी राहू द्या. जमीन द्या. आणि तिथे झारी घेऊन कुणी फिरकू नका."

काल मला पुन्हा वीज जोडली. सगळे हसत होते. माझा संताप तसाच आहे.

मित्रांनो, यंत्रं पुसा, जपा. पण एखादं यंत्र नको ते खरं सांगू लागलं, तर त्याची वायर उपटू नका. त्या वर्षात गवळणीच्या गोठ्यातल्या दोन गाईंची दावी रिकामी झाली. तिथे आता कोणती दुरुस्ती करणार?