मागचं चाक

गौतमने सायकलच्या टायरभोवती दोरी गुंडाळली, गाठीत लाकडाचा तुकडा अडकवला आणि पिळायला घेतला. दोरी आवळली तसा टायर मधोमध दबला आणि त्याच्या दोन्ही कडा रिमला जाऊन टेकल्या.

"मार आता."

मीनल पंपावर वाकली. ट्यूब नसलेला टायर पहिली हवा धरेपर्यंत माणसाचा अंत पाहतो. दोन वेळा सगळी हवा कडेखालून निसटली आणि साबणाचा फेस गौतमच्या तोंडावर उडाला. तिसऱ्या वेळी त्याच्या तळहातांना एक हिसका बसला, लगेच दुसरा. कडा खाचेत बसल्या होत्या. मीनल टाळी वाजवून काहीतरी ओरडली. फट्‌ असा आवाज झाला असणार. गौतमला तो फक्त हातांना कळला.

रायपूरजवळच्या उरला गावातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलने त्याचा उजवा कान कधीच खाल्ला होता. डावा त्या मानाने इमानी निघाला, पण गेल्या पावसाळ्यापासून त्यानेही साथ सोडली होती. मिलच्या खडखडाटात ऐकू आलं नाही तरी "हव" म्हणून मान हलवायची तिथल्या सगळ्यांनाच सवय असते. गौतमने ती घरी आणली. शर्मिष्ठाला वाटे, नवरा वयानुसार घुम्या होत चालला आहे.

"याइले काहीबी विचारा," ती शेजारणींना सांगे, "हव म्हणून मोकळे."

तिला खरं सांगायची त्याची छाती नव्हती. तो क्रेन चालवायचा. वर केबिनमध्ये तो, खाली लाल तापलेलं लोखंड आणि त्याच्या आजूबाजूला माणसं. ऐकू न येणाऱ्याला तिथे चढू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे हे त्यालाही मान्य होतं. म्हणून तर त्याची झोप उडाली होती. सध्या तो खालच्या फोरमनच्या हातांकडे आणि शिटी फुंकताना फुगणाऱ्या गालांकडे बघून क्रेन हलवत होता, आणि एरवी समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं जुळवत होता.

मीनल त्याच्यासमोर येऊन बसली. आज नव्या रायपूरला राज्याच्या संघासाठी डोंगरी सायकल-शर्यतीची निवड चाचणी होती, आणि तिच्या वयोगटातली ही शेवटची संधी.

"पप्पा, पीछे वाला आप देख लो. मैं आगे वाला करती हूँ," ती म्हणाली. "बस सुन लेना, हवा तो नहीं निकल रही."

"हव."

तिने पुढचं चाक उचललं आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेली. गौतमने वाल्वमधून दुधासारखं पांढरं सीलंट आत सोडलं, पुन्हा हवा भरली आणि सीलंट सगळीकडे पोहोचावं म्हणून चाक हलवून आडवं धरलं. बारीकसारीक भोक हे सीलंटच बुजवतं. पण रिमच्या आतली पट्टी कुठे सुरकुतली असेल तर ते आपोआप तिथवर पोहोचत नाही, मग हवा आऱ्यांच्या भोकांतून सुसू करत जात राहते. गौतमने डावा कान चाकाला लावला. कानात नेहमीचाच घुमारा होता. रिमभर इतका फेस माखला होता की त्यात कुठला बुडबुडा खरा ते ओळखणं कठीण. त्याने चाक फिरवलं, पुन्हा कान लावला. पोरीला आत्ताच हाक मारावी असं त्याला फार वाटलं.

तेवढ्यात फाटकात गाडी येऊन उभी राहिली. नीलकंठ उतरला. मिलमधला फोरमन तो हाच. भंडाऱ्याकडचा माणूस, बोलायला कडक, पण मीनलची सायकल न्यायची म्हटल्यावर मेव्हण्याची गाडी मागून घेऊन आला होता.

"झालं का नाही? काहून बसून राहिला?"

गौतमला एकदम युक्ती सुचली. स्वतःवर खूश होऊन तो म्हणाला, "भाऊ, तुमी पाहा बरं एकदा. हवा जाते का? मले तर पक्कं वाटून राहिलं."

तो चाकाकडे बोट दाखवत होता. नीलकंठ उकिडवा बसला, कान चाकाजवळ नेला, ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीवर एका जागी नजर लावली. मग उठून पँट झटकली.

"टाइट आहे."

गौतमचा जीव भांड्यात पडला.

नव्या रायपूरच्या रुंद रस्त्यांवर गाडीला अडवणारं कुणी नव्हतं. वस्ती संपल्यावर जुन्या खदानीचा माळ लागला. तिथेच शर्यतीचा रस्ता आखला होता: मुरमाचा चढ, आणि पलीकडे खदानीच्या कडेकडेने सुटलेली दगडांची उतरण. सायकल उतरवून मीनल अंग मोकळं करायला एक चक्कर मारून आली आणि उतरता उतरताच तिचा चेहरा बदलला. तिने मागचा टायर अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला.

"पप्पा, ये तो बैठ रहा है!"

गौतमनेही दाबून पाहिलं. रस्त्यात काही लागलं असेल का? रस्ता तर ताटासारखा साफ होता.

मीनलने चाक काढून आडवं धरलं, पंप जोडला. सुरुवातीच्या रेषेकडे मुलं जमायला लागली होती.

"मैं भरती हूँ, आप सुनो कहाँ से निकल रही है," पंप मारता मारताच ती म्हणाली. "वो जगह नीचे पकड़ेंगे तो सीलंट वहीं उतरेगा. जल्दी, पप्पा!"

त्याने कान लावला. काही नाही. तिचे डोळे त्याच्यावर खिळलेले होते. वाल्वपाशी बोट ठेवावं आणि मोकळं व्हावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. बोट पुढे झालंही. मग त्याची नजर त्या उतरणीवर गेली. तिथे भर वेगात मागचं चाक बसलं तर पोरगी दगडांवर आपटेल, आणि शेजारी खदान.

त्याने बोट मागे घेतलं.

"मीनल, मले ऐकू नाही येत."

"शोर है क्या?"

"शोर नाही. मले येतच नाही. सकाळीबी नव्हतं आलं."

नीलकंठ हातभर अंतरावर उभा होता. गौतमने त्याच्याकडे पाहिलं नाही. क्रेन गेली, एवढंच त्याला कळलं.

मीनलचा पंप थांबला. ती बापाकडे असं बघत होती की तिने एक शिवी हासडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

"सुबह बोला क्यों नहीं?"

तिच्या ओठांवरून प्रश्न त्याला कळला. ती नीलकंठकडे वळली.

"काका, आप सुनो ना. सुबह आपने भी तो चेक किया था!"

नीलकंठ पुढे आला. गुडघे टेकले, कान चाकाजवळ नेला, ओठ घट्ट मिटले, आणि दूर कुठेतरी एका जागी नजर लावली. गौतम त्या चेहऱ्याकडे बघत राहिला. सकाळी ओसरीवर हाच चेहरा त्याने पाहिला होता आणि निश्चिंत झाला होता. आता मात्र तो त्याला ओळखीचा वाटला. ऐकू न येता अंदाजाने उत्तर जुळवणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. रोज पाळी संपेपर्यंत तो स्वतः तसाच दिसत असणार.

वर आपण, खाली हा, आणि मधे लटकणारं तापलेलं लोखंड.

नीलकंठने तोंड उघडलं. त्याची नजर गौतमच्या नजरेला भिडली आणि तोंड तसंच मिटलं. मग तो गुडघ्यांवर हात देऊन सावकाश उठला.

"पंप मले दे, पोरी," तो म्हणाला. "हवा मी मारतो. कान तू लाव."

मीनल दोघांकडे बघत राहिली. रेषेकडून कुणीतरी भोंग्यावर नावं पुकारत होतं. तिने पंप सोडला, मातीत गुडघे टेकले आणि गाल रिमला लावला. नीलकंठ दमाने एकेक दाब देत होता, मधे थांबत होता. गौतम चाक बोटाबोटाने फिरवत होता. दोघांपैकी कुणीही एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघांचीही नजर तिच्या तोंडावर होती.

तिने हात वर केला. चाक थांबलं. आऱ्याच्या एका भोकावर बोट दाबून ती म्हणाली, "यहाँ."

ते दोघांनाही एकदमच कळलं.